दुपारी नेट जातं, रात्री परत येतं. फायबरची लाइन दिवसेंदिवस खराब होतेय, दुरुस्त कशी करून घ्यावी?

गणिताच्या ताई, फैजपूर | २६ मे, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. जाणकारांनी कृपया वेळ काढून वाचावं, थोडं लांब आहे.

मी फैजपूरजवळच्या एका गावात राहते आणि घरूनच दहावीचं गणित शिकवते. चौदा मुलं आहेत, त्यातल्या नऊ मुली. न्हावी, बामणोद, भालोद, हिंगोणा अशा आसपासच्या गावांतल्या. संध्याकाळी क्लासला जाऊन अंधारात परतायचं त्यांच्या घरी चालत नाही, म्हणून हा ऑनलाइन वर्ग सुरू केला. शाळा सुरू असताना संध्याकाळी सातला घेते, सध्या सुट्टीत दुपारी तीनला. आणि नेमकी तीच वेळ वाईट ठरतेय.

कनेक्शन १०० एमबीपीएसचं, तीन वर्षांपूर्वी घेतलेलं. मारुतीच्या पारासमोर खांब आहे, त्यावरच्या डब्यातून आमच्या घरापर्यंत साधारण १८० मीटर वायर येते. रस्ता ओलांडते, शेजारच्या गोठ्यावरून जाते, निंबाच्या झाडातून निघते आणि आमच्या धाब्यावरून, म्हणजे मातीच्या सपाट छतावरून, खिडकीतून आत येते. दोन-अडीच वर्षं एकदाही तक्रार करावी लागली नाही. चैत्रात केळीने भरलेला ट्रक गेला, वरच्या ताडपत्रीत वायर अडकून तुटली. वायफायवाला मुलगा त्याच संध्याकाळी आला, जोड मारला, नेट चालू झालं. मी त्याला चहा दिला, मनापासून आभार मानले.

अखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) मात्र काहीतरी बिनसलंय. आधी फक्त चित्र पुसट व्हायचं. मग आवाज तुटायला लागला. आता दुपारी एकनंतर घरातल्या डब्यावरचा, म्हणजे राऊटरवरचा, हिरवा दिवा लुकलुकतो आणि दोन-तीनच्या सुमारास लाल लागतो. पाच मिनिटांनी आपोआप जातो, पुन्हा लागतो. संध्याकाळी आठनंतर सगळं सुरळीत. परवा वर्गसमीकरणाचं सूत्र लिहीत होते, बी वर्ग वजा चार एसीपर्यंत आले आणि नेट गेलं. परत आल्यावर एक मुलगी म्हणाली, "ताई, तुमचा हात केव्हाचा वरच थांबलाय." त्या मुलीच्या घरी एकच मोबाईल आहे. तो वडिलांचा. ते शेतातून जेवायला येतात तेवढाच वेळ तिला मिळतो. तिची वीस मिनिटं माझ्या वायरीने खाल्ली.

लाइन एकदम बंद पडली असती तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. बंद पडलेलं सगळ्यांना दिसतं. ही झिजतेय, आणि झिजणं कुणाला दाखवता येत नाही. कस्टमर केअरला फोन केला की "आमच्याकडून तुमची लाइन ओके दिसतेय" म्हणतात. माणूस तीनदा येऊन गेला, तिन्ही वेळा सकाळी दहाला. सकाळी दहाला नेट उत्तम असतं. एकदा अ‍ॅडॉप्टर बदलला, एकदा डबा बंद-चालू केला, तिसऱ्यांदा म्हणाला नवा राऊटर घ्या, १,८०० रुपये. चौथी तक्रार तर "ग्राहक घरी नाही" असं लिहून बंद केली. मी दिवसभर घरात होते, सासूबाई ओट्यावर बसून होत्या.

मोबाईलच्या नेटवर वर्ग घेऊन पाहिला. आमच्या भिंती दोन-दोन हात जाड मातीच्या, आत रेंज येत नाही. धाब्यावर जाऊन ४४ अंशांत शिकवणं शक्य नाही.

हा बिघाड राऊटरचा की वायरीचा, हे मी घरबसल्या कसं ओळखू? आणि ओळखलं तरी समोरच्याला पटवू कसं? कंपनी बदलून उपयोग होईल का? खांब तोच आणि वायर ओढणारा मुलगाही तोच राहणार.

नेटवर्कवाला, जळगाव | २७ मे, सकाळी ८:०५

ताई, तुमचं वर्णन वाचून नव्वद टक्के वायरच वाटते. पण वाटून भागणार नाही, आकडे हातात घ्या.

सगळ्यात आधी वायफाय बाजूला काढा. लॅपटॉपला लॅनची वायर थेट डब्यातून जोडा आणि दुपारी तसंच होतं का पाहा. त्याच वेळी दोन पिंग (समोरून उत्तर येतंय का, हे सतत पाहणारी तपासणी) लावून ठेवा, एक डब्याच्या पत्त्याला म्हणजे बहुधा १९२.१६८.१.१ ला, दुसरा बाहेर ८.८.८.८ ला. डब्याचा पिंग नीट आणि बाहेरचा तुटतोय, तर घरातलं सगळं ठीक आहे. दोन्ही तुटले तर डबा किंवा त्याची वीज बघायची.

खरी गोष्ट यापुढे आहे. तोच १९२.१६८.१.१ पत्ता ब्राउझरमध्ये टाका. यूजरनेम-पासवर्ड डब्याच्या पोटावरच्या स्टिकरवर असतो. आत "पॉन" किंवा "ऑप्टिकल" अशा नावाचं पान सापडेल, तिथे "आरएक्स पॉवर" लिहिलेलं असतं आणि पुढे उणे आकडा डीबीएममध्ये. खांबावरून आलेला प्रकाश तुमच्या डब्यापर्यंत किती पोचला त्याचं ते माप. उणे २५ च्या वर, म्हणजे उणे २४, २२, २० असेल तर छान. घरोघरी जे साधे डबे असतात त्यांची सीमा उणे २७ च्या आसपास असते. त्याखाली गेलं की चुका वाढतात, मग लाल दिवा. तुम्ही गणित शिकवता म्हणून सांगतो, हे माप लॉगचं आहे. ३ डीबी कमी झाले की प्रकाश निम्मा झाला.

एक वही करा. सकाळी सहा, अकरा, दुपारी तीन, रात्री नऊ. चार वेळा आकडा लिहा, जमलं तर पानाचा फोटो काढा. तीन दिवस पुरेत. आणि १,८०० रुपये आत्ता कुणाला देऊ नका.

पप्पू, सावदा | २७ मे, दुपारी १२:३०

आमचं पण दुपारीच जायचं. राऊटर पत्र्याखाली टांगलेला होता, तापून बंद पडायचा. खाली आणला, बरं झालं. तुमचा कुठं आहे ताई?

गणिताच्या ताई, फैजपूर | २७ मे, दुपारी १२:५५

माझा खाली कोनाड्यात आहे भाऊ, आणि धाब्याच्या घरात दुपारीसुद्धा गारवा असतो. हात लावून पाहिला, कोमटच आहे. तरी सांगितलंत ते बरं केलंत.

गणिताच्या ताई, फैजपूर | २९ मे, रात्री ९:४०

नेटवर्कवाले दादा, तुमचे उपकार. पान सापडलं. तीन दिवसांची वही समोर आहे, मधल्या दिवसाचे आकडे देते, बाकीचे दोन दिवसही जवळपास तसेच आहेत. सकाळी सहाला उणे २४.३. अकराला उणे २६.१. दुपारी तीनला उणे २८.८, आणि लिहून होईपर्यंत लाल दिवा. रात्री नऊला उणे २५.०. लॅन लावूनही तसंच, डब्याचा पिंग एकदाही तुटला नाही.

साडेचार डीबीचा फरक, म्हणजे सकाळी येणाऱ्या प्रकाशातला जेमतेम एक तृतीयांश दुपारी पोचतो. हे गणित मांडल्यावर मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले. महिनाभर मला सगळे सांगत होते की लाइन ओके आहे, आणि मलाही वाटायला लागलं होतं की माझंच काही चुकत असेल. आता कळलं की मी जे पाहत होते ते खरं होतं.

पण उन्हाने प्रकाश कमी कसा होईल? काच तर वितळत नाही.

निवृत्त लाइनमन, अमळनेर | ३० मे, सकाळी ६:२०

ताई, तुमची वही वाचून फार बरं वाटलं. एकतीस वर्षं टेलिफोनच्या लाइनवर काढली. तांब्याच्या जोडीपासून काचेच्या तारेपर्यंत सगळं हातून गेलं. अशी वही ठेवणारं गिऱ्हाईक मला सगळ्या नोकरीत चार-पाचच भेटलं असेल.

काच वितळत नाही, बरोबर. पण काच एकटी नसते. तिच्यावर प्लास्टिक असतं, बाजूला ताण धरणारी तार असते, टोकाला कनेक्टर असतो, डब्यात क्लिपा असतात. ऊन लागलं की हे सगळं कमी-जास्त फुगतं. काचेचा गाभा केसाहून बारीक, प्रकाश जातो तो भाग ९ मायक्रॉनचा. दोन टोकं समोरासमोर नीट बसलेली असतील तर काही होत नाही. ढिली बसलेली असतील तर दुपारी एवढीशी सरकतात आणि प्रकाश बाहेर सांडतो. गार झालं की परत जवळ येतात. म्हणून रात्री तुमचं नेट परत येतं.

तांब्याच्या लाइनचं उलट होतं. तिला पावसाळा वाईट. जोडात पाणी शिरलं, हिरवा गंज चढला की फोनमध्ये खरखर यायची आणि इंटरनेट तुटायचं. कोरड पडली की आपोआप बरं. आम्ही जुने लोक पावसात बिघाड शोधायला शिकलो, आताच्या पोरांनी उन्हात शोधायला शिकलं पाहिजे. बिघाड ज्या वेळी दिसतो त्याच वेळी तो शोधावा लागतो. सकाळी दहाला येऊन काही सापडायचं नाही.

तुमचा संशय चैत्रातल्या जोडावर धरा. जोड मारायच्या दोन तऱ्हा. एक मशिनीने दोन्ही टोकं वितळवून एकजीव करतात, त्यात ०.१ डीबीसुद्धा जात नाही. दुसरी घाईची, दोन टोकांना हाताने कनेक्टर बसवायचे आणि मधे जोडणी घालायची, वरून टेप. चांगली बसली तर तीही चालते, पण उघड्यावर, झाडात, हेलकावे खाणाऱ्या वायरीवर ती फार दिवस टिकत नाही. संध्याकाळच्या अंधारात त्या पोराने दुसरंच केलं असणार. त्याचा दोष मी म्हणत नाही, त्या वेळी तुमचं नेट चालू करणं त्याला भाग होतं. पण ती मलमपट्टी होती, आणि नंतर कुणी परत आलं नाही.

आता माणूस आला की त्याला एकच काम सांगा. प्रकाश मोजायचा पॉवर मीटर खांबाच्या डब्यात लावून आकडा घे, मग तोच मीटर आमच्या घरात लावून आकडा घे. दोन्ही आकडे मला लिहून दे. चांगल्या फायबरमध्ये अख्ख्या किलोमीटरला ०.४ डीबीसुद्धा जात नाहीत, तुमचे १८० मीटर म्हणजे काहीच नाही. कनेक्टरचे धरून अर्धा, फार तर एक डीबीचा फरक यावा. खांबावर चांगलं आणि घरात वाईट, तर वायर दोषी. खांबावरच वाईट, तर तुमची वायर बदलून काही होणार नाही, बिघाड मागे आहे. तसं असेल तर त्याच डब्यावरच्या शेजाऱ्यांचंही दुपारी जात असलं पाहिजे. ते आजच विचारून घ्या.

खांबावरच्या डब्यात एका तारेचा प्रकाश आठ घरांत वाटतात तेव्हा १० डीबीच्या आसपास तिथेच जातात. ते ठरलेलं आहे, त्याला बिघाड समजू नका.

घरातली वायर खिडकीपासून डब्यापर्यंत डोळ्यांनी तपासा. काटकोनात वळवलेली, खिळ्याखाली दाबलेली, पलंगाच्या पायाखाली गेलेली कुठे आहे का? फायबरला गोल वळण लागतं, वाटीच्या कडेएवढं तरी. टोकाचा हिरवा कनेक्टर निळ्या खोबणीत बसवलेला नाही ना तेही पाहा. हिरव्याचं तोंड ८ अंश तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ असतं, दोघांचं जुळत नाही.

आणि एक कळकळीने सांगतो. वायर काढून तिच्या टोकात डोळा घालून बघू नका, पोरांनाही बघू देऊ नका. तो प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण असतो. पदराने पुसूही नका, धूळ आणखी घासली जाते.

गणिताच्या ताई, फैजपूर | ३० मे, सकाळी ७:१०

काका, तुम्ही सांगितलंत तसं आत्ताच पाहून आले. खिडकीच्या चौकटीवर वायर खिळा ठोकून बसवली आहे आणि तिथे ती अगदी काटकोनात वळली आहे. हे तीन वर्षांपासून असंच आहे. त्याच डब्यावरच्या दोन घरी विचारलं, त्यांचं दुपारी व्यवस्थित चालतं.

निवृत्त लाइनमन, अमळनेर | ३० मे, सकाळी ७:२५

मग वायरच आहे बेटा. खिळा स्वतः उपटू नका, काच आत तडकलेली असेल तर पूर्ण जाईल आणि वर्ग बुडेल. नवी वायर टाकायची तेव्हाच काढतील.

ग्राहकमित्र, धुळे | ३१ मे, दुपारी ४:४५

ताई, दुरुस्तीचं वर सगळं आलं आहे, मी कागदाचं सांगतो. बारा वर्षं ग्राहक चळवळीत काम करतोय, त्यामुळे या वाटेवरचे खाचखळगे माहीत आहेत.

फोनवर बोललेलं हवेत जातं. प्रत्येक तक्रारीचा डॉकेट नंबर, म्हणजे तक्रार क्रमांक, घ्या आणि तो वहीत आकड्यांच्या शेजारीच लिहा. "ग्राहक घरी नाही" म्हणून बंद केलेली तक्रार त्याच दिवशी ईमेलने परत उघडायला सांगा, तुम्ही घरी होतात हे लिहा. ईमेलमध्ये रागाचं एकही वाक्य नको. तुमचे चार वेळचे आकडे, तारखा, जुने डॉकेट नंबर आणि एकच मागणी: दुपारी दोन ते चारमध्ये माणूस पाठवून खांबावर आणि घरात मीटर लावावा.

तरीही हलले नाहीत तर कंपनीचं अपील प्राधिकरण असतं. २०१२ च्या ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, तक्रार निवारण नियमांनी ते ठेवलेलं आहे. ३० दिवसांच्या आत अपील करायचं, फी नाही, आणि त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा. पुष्कळ लोक थेट ट्रायला पत्र लिहितात आणि उत्तराची वाट बघत बसतात. ट्राय एकेकट्याची तक्रार सोडवत नाही, ते नियम करणारं प्राधिकरण आहे. केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे मात्र तक्रार जाते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, ती मराठीतही बोलते.

लाइन दुरुस्त झाल्यावर भाड्यातली सूट मागायला विसरू नका. २००६ च्या ब्रॉडबँड नियमांत तीन कामाच्या दिवसांहून जास्त बिघाड राहिला तर सात दिवसांचं, सातहून जास्त राहिला तर पंधरा दिवसांचं आणि पंधराहून जास्त राहिला तर महिन्याचं भाडं, असा हिशेब होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून सेवा-गुणवत्तेचे नवे एकत्रित नियम लागू आहेत, अर्जात त्यांचा उल्लेख करा. पैसे थोडे असतात, पण सूट दिली म्हणजे बिघाड होता हे त्यांनी लेखी मान्य केलं.

शेवटचा रस्ता जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा. टेलिफोन-इंटरनेटच्या तक्रारी तिथे चालत नाहीत असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये तो वाद मिटवला आहे. एवढ्याशा रकमेला कोर्ट फीसुद्धा नाही. तिथवर जायची वेळ येणार नाही असं मला वाटतं.

खांबावरचा मुलगा, चाळीसगाव | ३१ मे, रात्री ११:२०

ताई, मी हेच काम करतो. आमच्या बाजूचंही थोडं ऐका.

उन्हाळ्यात दिवसाला पंधरा-अठरा तक्रारी येतात. सकाळी उन्हाच्या आधी जितक्या उरकतील तितक्या उरकतो, दुपारी लोखंडी खांबाला हात लावला की चटका बसतो. म्हणून तुमच्याकडे सगळे दहाला येतात. तक्रार वेळेत बंद झाली नाही तर आमचे पैसे कापतात, त्यातून "घरी नाही" असं खोटं लिहिलं जातं. ते चुकीचंच आहे. मी लिहीत नाही, पण लिहिणारे आहेत.

आमच्या हातात नवी वायर मागायचा अधिकार नसतो. वायरीचं बंडल ऑफिसातून सुटतं आणि ऑफिस विचारतं, जोड मारून भागत नाही का? तेव्हा आम्हाला दाखवायला काहीतरी लागतं. तुमच्या वहीचा फोटो आणि दोन मीटरचे फोटो, खांबावरचा आणि घरातला, एवढं ग्रुपवर टाकलं की कुणी नाही म्हणत नाही. ती वही येणाऱ्या मुलाला द्या, ती त्याच्याच कामी येईल.

शक्य असेल तर लांब शिडी आणि एक धरणारा माणूस तयार ठेवा. पिण्याचं पाणी तुम्ही ठेवालच.

गणिताच्या ताई, फैजपूर | ९ जून, रात्री ९:००

मंडळी, उशिरा लिहितेय, माफ करा. मधे २ जूनच्या संध्याकाळी वादळ झालं. आमची केळी आडवी झाली, दीड हजारावर खोडं. निसवलेली बाग होती, घड बांधून ठेवलेले होते. दोन दिवस वीज नव्हती आणि घरात कुणाला बोलायचं सुचत नव्हतं. पंचनामा झाला आहे. त्याच वाऱ्यात आमची वायर इतकी हेलकावली की वीज आल्यावर डब्यावर सरळ लाल दिवा, लुकलुकणंही नाही.

ईमेल मी ग्राहकमित्र भाऊंनी सांगितलं तसं १ तारखेलाच पाठवलं होतं. ५ जूनला दुपारी पावणेतीनला माणूस आला. या वेळी वेगळा मुलगा, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला. आल्या आल्या मी वही पुढे केली. त्याने उभ्या उभ्या दोन पानं वाचली आणि म्हणाला, "ताई, हे रोज लिवत होत्या का तुम्ही?" मग आधी खांबावर गेला. माझे दीर शिडी धरायला.

खांबावरचा आकडा उणे २१.४. घरातला यायलाच तयार नव्हता. वायर जरा हलवून धरली तेव्हा उणे २८.७ दिसला, पुन्हा गेला. दोन्हींचे फोटो त्याने ग्रुपवर टाकले, आणि त्याच्या साहेबांचा फोन दहा मिनिटांत आला, नवी वायर टाक म्हणून. महिनाभर जे चाललं होतं ते दहा मिनिटांत सुटलं. काका, नेटवर्कवाले दादा, खांबावरचे भाऊ, हे तुमच्यामुळे झालं.

जुनी वायर काढण्याआधी मी त्याला विनंती केली की बिघाड नेमका कुठे आहे ते मला दाखव. त्याने घराच्या बाजूने लाल प्रकाशाचा पेन लावला. काळ्या वायरीतून तो दिसत नाही, म्हणून निंबात चढून जोडावरची टेप सोडली. उन्हात काहीच दिसेना. मग त्याने डोक्याचा रुमाल सोडला, जोडावर टाकून सावली केली आणि मला शिडीवर वर बोलावलं. रुमालाखाली वाकून पाहिलं तर दोन कनेक्टरांच्या मधल्या फटीतून सगळा प्रकाश बाहेर सांडत होता. कुंकवाएवढा लाल ठिपका, आणि त्याच्या भोवती रुमालाचं आतलं अंग गुलाबी झालेलं. टेपचा गोंद वितळून कनेक्टरवर ओघळला होता, त्यात मुंग्या चिकटलेल्या. खिडकीच्या खिळ्यापाशी घरातली पांढरी वायरही तशीच लाल उजळली, तिथेही गळत होतं.

नवी वायर अखंड टाकली, मधे एकही जोड नाही. निंब पूर्ण टाळला, गोठ्याच्या पलीकडून वळसा घेतला, म्हणून २१० मीटर लागली. दोन्ही टोकं मशिनीने जोडली. मशीन बारीक आवाज करतं, पडद्यावर दोन टोकं काठ्यांएवढी मोठी दिसतात, मग एक ठिणगी आणि ती एक होतात. सासूबाईही बघायला आल्या होत्या. खिडकीत खिळ्याऐवजी भोक पाडून पाइपाचा तुकडा घातला, वायर आत गोल वळून येते.

घरातला आकडा उणे २१.९. त्यानंतरचे चारही दिवस दुपारी तीनला लिहिला आहे: २१.९, २२.०, २१.९, २२.०. भाड्याच्या सुटीचा अर्जही केला, पंधरा दिवसांचं भाडं पुढच्या बिलात वजा करतो असा संदेश आला आहे.

आज तीनच्या वर्गात वर्गसमीकरणाचं सूत्र पहिल्यापासून पुन्हा घेतलं. सगळं एका दमात झालं. ती मुलगी वडिलांच्या फोनवर शेवटपर्यंत होती.

निवृत्त लाइनमन, अमळनेर | १० जून, सकाळी ६:०५

बेटा, केळीचं वाचून वाईट वाटलं. लाइनचं फार छान झालं. आता रोज लिहू नका, आठवड्यातून एकदा बघा. १ डीबीने जरी घसरला तरी लगेच तक्रार टाका, लाल दिव्याची वाट बघू नका. पहिल्या मोठ्या पावसानंतर खांबावरच्या डब्याचं झाकण नीट बसलंय का तेवढं त्या मुलाला पाहायला सांगा.

शहाद्याचा शेतकरी | १० जून, दुपारी १:१५

ताई, आमच्याकडेही रस्त्यावरून केळी-उसाच्या गाड्या जातात, दर हंगामात वायर तुटते. रस्त्यावर नवी वायर किती उंच घेतली तुम्ही?

गणिताच्या ताई, फैजपूर | १० जून, रात्री ८:५०

भाऊ, आधी मधला झोळ जेमतेम तेरा फुटांवर होता आणि भरलेली गाडी तेवढीच उंच जाते. आता धाब्यावर लोखंडी पाइप उभा करून वायर त्यावरून घेतली, झोळ धरून वीस फुटांच्या आसपास आहे. पाइप आमचाच होता, ठिबकच्या फिल्टरचा जुना स्टँड. वायर ओढतानाच सांगून ठेवा, नंतर कुणी परत शिडी लावत नाही.